तूप काढून घेतलं, सुरी मात्र निसटली: असं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुबईला मुलाकडे निघालेल्या एका काकूंची साजूक तुपाची बरणी सुरक्षा तपासणीत काढून घेतली. त्याच पिशवीच्या आतल्या कप्प्यात फळं कापायची घडीची सुरी विसरून राहिली होती, ती मात्र आरामात दुबईपर्यंत गेली. मुलाने चिडून विचारलंय, की पाऊण तास रांगेत उभं करायचं, पट्टा काढायला लावायचा, म्हाताऱ्या माणसाला दोनदा मागे पाठवायचं आणि शेवटी सुरीच दिसली नाही, तर ही तपासणी आहे की देखावा?

मी एकवीस वर्षं विमानतळ सुरक्षेत होतो. त्यातली चौदा एक्स-रेच्या पडद्यासमोर गेली. आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं मोकळेपणाने लिहितो.

पहिली गोष्ट, तूप आणि सुरी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. तूप नियमाने गेलं. सुरी माणसाच्या डोळ्याने सोडली. तुमचा राग दोन्हींवर सारखाच निघतोय, पण दुसऱ्यावर जास्त निघायला हवा. आणि तोही त्या पडद्यासमोर बसलेल्या पोरावर नव्हे. का ते पुढे सांगतो.

आधी तूप. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये एक कट उघडकीला आला. हीथ्रोवरून अमेरिका-कॅनडाला जाणारी विमानं उडवायची, स्फोटक द्रवरूपात, आणि ते शीतपेयाच्या बाटल्यांत भरून न्यायचं असा बेत होता. त्या काळातलं हातसामानाचं एक्स-रे यंत्र सरबत कोणतं आणि पेरॉक्साइडचं मिश्रण कोणतं हे सांगू शकत नव्हतं. मग ज्यातला फरक कळत नाही ते न्यायचंच नाही, असा सरळ हिशेब झाला. शंभर मिलिलिटरपर्यंतच्या बाटल्या, त्या सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. आंतरराष्ट्रीय प्रवासात हा नियम काटेकोर असतो, आणि त्यात तूप, दही, लोणच्याचा खार, टूथपेस्ट, जॅम हे सगळं 'द्रव आणि जेल'मध्येच मोडतं. बरणी अर्धी रिकामी आहे हे सांगून उपयोग नसतो, कारण मोजायचं असतं ते भांडं, आतला ऐवज नाही. अडीचशेच्या बरणीत दोन चमचे तूप असलं तरी ती जाते. यावरून मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या आयुष्यात दुसऱ्या कशावरून खाल्ल्या नसतील.

नियम ढोबळ आहे, मान्य. आता सीटी स्कॅनची नवी यंत्रं येताहेत. दवाखान्यातल्यासारखीच, बॅगेचे काप काढून ती पडद्यावर फिरवून दाखवतात. वर्षाला पन्नास लाखांहून जास्त प्रवासी असलेल्या आपल्या विमानतळांवर ती बसवायला सांगितलेलं आहे, काम मुदतीच्या मागे आहे. पण यंत्र आलं की शंभर मिलिलिटर गेलं असंही नाही. युरोपात काही विमानतळांनी ही यंत्रं बसवून द्रवाची मर्यादा उठवली होती. १ सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघाने ती तात्पुरती पुन्हा लावली होती, कारण यंत्राच्या निदानाबद्दल तांत्रिक शंका निघाल्या. तेव्हा काकूंना सांगा, तूप चेक-इनच्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून.

आता सुरी.

एक्स-रेच्या पडद्यावर बॅग कशी दिसते हे बहुतेकांना माहीत नसतं. तीन रंग असतात. सेंद्रिय पदार्थ नारिंगी: अन्न, कागद, कापड, साबण, आणि स्फोटकंसुद्धा. धातू निळा. मधलं काही, किंवा दोन्हींची सरमिसळ, ते हिरवं. ज्यातून किरण आरपार जातच नाहीत ते काळं. आता मे महिन्यातली कोणत्याही मराठी कुटुंबाची बॅग डोळ्यापुढे आणा. खाली फणसपोळीच्या घड्या, एकावर एक, जाड नारिंगी थप्पी. शेजारी कंदी पेढ्यांचा खोका, तोही नारिंगी आणि घट्ट. स्टीलचा डबा निळा, त्यात पोळ्या. फोनचा चार्जर, त्याची गुंडाळलेली वायर, पॉवर बँक. आणि या सगळ्याच्या वर वास्तुशांतीला भेट द्यायला घेतलेला पितळी गणपती, म्हणजे पडद्याच्या मधोमध एक काळा ठिपका, ज्याच्या मागे काय आहे ते ब्रह्मदेवालाही दिसणार नाही. घट्ट नारिंगी वडी, जवळ बॅटरी, जवळ वायर: आम्हाला शिकवलेलं बॉम्बचं चित्र अगदी असंच असतं. पेढा, खजूर, चॉकलेट, चीज यांची घनता प्लास्टिक स्फोटकाच्या आसपास जाते. तुमची बॅग बाजूला काढतात ती बहुतेक वेळा याच कारणाने, तुमच्या तोंडाकडे बघून नाही.

गर्दीच्या वेळी अशा एका बॅगेला पाच-सात सेकंद मिळतात. घडीची सुरी आडवी पडली असेल तर लहान पोरही ओळखेल. ती उभी, धार वर करून कप्प्याच्या शिवणीला टेकलेली असेल तर पडद्यावर एक बारीक निळी रेघ उरते. छत्रीची काडी, चष्म्याच्या डबीची बिजागरी, पर्सचं क्लिप, सगळं तसंच दिसतं. नवी यंत्रं दोन बाजूंनी चित्र दाखवतात, त्याने पुष्कळ फरक पडला. तरी डोळा तो डोळाच.

यात डोळ्याची एक खोडही आहे. हार्वर्डचे जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना पडद्यावरच्या वस्तूंच्या गर्दीत एखादं अवजार शोधायला दिलं. निम्म्या चित्रांत ते असायचं तेव्हा लोक सुमारे सात टक्के वेळा चुकले. शंभरात एकाच चित्रात ते ठेवलं तेव्हा तीच माणसं तीस टक्के वेळा चुकली. जे क्वचित असतं ते दिसेनासं होतं. आणि खऱ्या रांगेत हत्यार शंभरात एक सोडा, कित्येक महिने येत नाही.

म्हणून दोन उपाय करतात. एक म्हणजे वीसेक मिनिटांनी पडद्यावरचा माणूस बदलतात. दुसरा मला फार आवडायचा. यंत्रच मधूनमधून तुमच्या खऱ्या बॅगेवर पिस्तुलाचं किंवा बॉम्बचं खोटं चित्र चढवतं. बटण दाबलं की कळतं, ही परीक्षा होती. नाही दाबलं तर तेही कळतं आणि नोंद होते. एखाद्या शांत दुपारी सलग तीन चित्रं पकडली की माणसाला जाग येते. त्या गृहस्थाची बॅग मात्र चार सेकंद जास्त थांबते, आणि तो बिचारा पलीकडून आमच्याकडे बघत असतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. विमानतळाचं नाव नको. पहाटे पाचची वेळ, दिल्लीची पहिली विमानं, रांग दारापर्यंत. नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचे अधिकारी अधूनमधून साध्या प्रवाशासारखे येऊन खोटं स्फोटक पाठवतात, आम्ही त्याला 'डमी' म्हणतो. तशी एक डमी माझ्या पडद्यावरून गेली. जेवणाच्या डब्यात होती. मला पोळ्या दिसल्या. खरंच पोळ्या दिसल्या, कारण त्या पहाटे मी साठ डबे पाहिले होते आणि साठांत पोळ्याच होत्या. मला पडद्यावरून उठवलं, पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं. ते योग्यच झालं.

परत आल्यावर मी आठवडाभर प्रत्येक डबा बाजूला काढला. प्रत्येक. लेन तुंबली. एका प्रवाशाचं विमान हुकता हुकता राहिलं. त्याने तक्रार केली आणि ती तासाभरात वरपर्यंत गेली. विमान कंपनीचा फोन, टर्मिनल व्यवस्थापकाचा फोन, मला लेखी खुलासा. डमी सुटली होती तेव्हा तीन माणसांना कळलं होतं. रांग तुंबली तेव्हा सगळ्यांना कळलं.

या व्यवस्थेचं दुखणं इथे आहे. उशीर मोजता येतो, तो मिनिटांत मोजतातही, फलकावर लावतात. सुटलेली बॅग मोजता येत नाही, कारण सुटलेली कोणालाच कळत नाही. मग सगळा दाब एकाच बाजूने येतो: लवकर करा. काकूंची सुरी सुटली तेव्हा त्यांच्या मागे उभा असलेला माणूस 'अहो किती वेळ' म्हणत असणार. कदाचित मी स्वतःही तसा म्हटलो असतो.

अमेरिकेत २०१५ साली असल्याच गुप्त चाचण्यांचा निकाल फुटला होता. ७० पैकी ६७ वेळा खोटी हत्यारं आणि स्फोटकं आत गेली. त्यांच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या हंगामी प्रमुखांना पदावरून हलवलं, वर्तमानपत्रांत महिनाभर शिमगा झाला. आमच्या क्षेत्रात त्या आकड्याने कोणाला फार धक्का बसला नाही, कारण त्या चाचण्या व्यवस्थेची प्रत्येक फट माहीत असलेली माणसं करतात. पण निदान तिथल्या लोकांना तो आकडा कळला. आपल्याकडे डमीचे निकाल जाहीर होत नाहीत. सगळे तपशील द्यायला कोणी सांगत नाही, पण वर्षाला एक ढोबळ टक्केवारी संसदेपुढे ठेवली तर आकाश कोसळणार नाही. उलट त्यानंतर रांगेच्या मिनिटांखेरीज दुसरंही काहीतरी मोजावं लागेल.

मग उपयोग काय, हा मूळ प्रश्न. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी-८१४ पळवून कंदाहारला नेलं. त्यानंतर विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे द्यायचे ठरलं, ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूरपासून सुरुवात झाली. तेव्हापासून आपल्या प्रवासी विमानाचं खरंखुरं अपहरण झालेलं नाही. आमच्यातले काही हे छाती पुढे काढून सांगतात. मी जरा जपून बोलतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायलाही गाठ पडते. मधल्या काळात कॉकपिटचे दरवाजे भक्कम झाले, ते आतून बंद राहतात, काही विमानांत साध्या वेशातले कमांडो असतात. त्यामुळे सुरी घेऊन विमान पळवणं आज जवळजवळ अशक्य आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या वेळी अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान पातं नियमानेच चालत होतं. २०१३ साली त्यांनी छोटे चाकू पुन्हा चालू द्यायचं ठरवलं होतं. केबिन कर्मचाऱ्यांनी विरोध केला म्हणून मागे घेतलं, आणि त्यांचं बरोबर होतं, कारण दरवाजाच्या बाहेर उभ्या त्या असतात. पण पडद्यासमोरच्या माणसाला प्राधान्यक्रम शिकवतात तो असा: आधी स्फोटक, मग पिस्तूल, मग धार. सुरी सुटणं लाजिरवाणं आहे. विमान त्याने पडत नाही.

विमान पडतं ते स्फोटकाने. तसं पडलं ते एअर इंडियाचं 'कनिष्क'. तरुण मुलं हल्ली हे नावही ओळखत नाहीत म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जून १९८५, व्हँकुव्हर. 'एम. सिंग' नावाने तिकीट काढलेल्या माणसाने काउंटरवर वाद घालून आपली बॅग पुढे एअर इंडियापर्यंत परस्पर पाठवायला लावली. तो स्वतः विमानात चढलाच नाही. बॅग टोरांटोला गेली. तिथलं एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडलं, मग उरलेल्या बॅगा हातात धरायच्या स्फोटक-शोधक यंत्राने तपासल्या, ज्याच्या भरवशाविषयी आधीपासून शंका होती. २३ जूनला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ विमान फुटलं. ३२९ माणसं गेली. आणखी एक बॅग त्याच दिवशी टोकियोच्या नारिता विमानतळावर फुटली, सामान चढवणारे दोन कामगार मेले. इथे कोणाचा पट्टा काढून काही झालं नसतं. बॅग आहे पण तिचा माणूस नाही, एवढं कोणी पाहिलं असतं तर पुरलं असतं.

'सर्व प्रवासी चढले आहेत, पण एक बॅग उतरवायची असल्याने वीस मिनिटं उशीर' अशी घोषणा तुम्ही ऐकली असेल आणि कपाळाला हात लावला असेल. ती घोषणा व्हँकुव्हरच्या त्या काउंटरवरून आलेली आहे. नागरी विमान सुरक्षा ब्यूरो आधी विमान महासंचालनालयाचा एक कक्ष होता, तो १ एप्रिल १९८७ पासून स्वतंत्र खातं झाला तेही याच घटनेनंतर. तपासणीतला जो भाग प्रवाशाला दिसत नाही, म्हणजे चेक-इनच्या बॅगेचा, तो हातसामानापेक्षा महत्त्वाचा आहे असं माझं मत आहे.

मग देखावा काहीच नाही का? होता, आहे. हातातल्या बॅगेच्या टॅगवर गोल शिक्का मारायचो आम्ही, आठवतो? शाई सुकलेली, शिक्का निम्माच उठलेला, आणि गेटवर दोघे जण तो वाचायचं नाटक करायचे. शिक्का पुसट म्हणून माणसं परत पाठवली आहेत मी. २०१७ साली मुंबईसह सात मोठ्या विमानतळांवर तो बंद केला. त्याने सुरक्षेला कणभर फरक पडला नाही, आणि इतकी वर्षं तो का चालू होता याचं उत्तर कोणाकडेही नव्हतं. टर्मिनलच्या दारावर मोबाईलमधल्या तिकिटाच्या चित्रावर नजर टाकणं हेही त्याच जातीचं. डिसेंबर २०२२ पासून आलेल्या डिजियात्रेने दारावरचा वेळ वाचला, चेहरा आणि तिकीट खरंच जुळतं. बॅगेची रांग मात्र तिथेच, तेवढीच.

एका ठिकाणी पट्टा काढायला लावतात, दुसरीकडे नाही, यावरून लोक आम्हाला लहरी म्हणतात. काही वेळा कारण असतं: धातूच्या चौकटीची संवेदनशीलता वेगळी ठेवलेली असते, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास सगळंच वाढतं, विमानाच्या शिडीपाशी दुसरी झडती लागते. काही वेळा कारण नसतं, ड्युटीवरच्या हवालदाराची ती सवय असते. दोन्ही खरं आहे.

नारळाचं विचारल्याशिवाय कोणी राहत नाही, म्हणून तेही. कोल्हापूर, शिर्डी, गणपतीपुळे, कुठूनही येताना पिशवीत प्रसाद असतोच. सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, आणि यामागे अतिरेक्यांचा काही संबंध नाही. खोबऱ्यात तेल फार. दमट उबेत ते आपोआप तापतं आणि धुमसू शकतं. खोबऱ्याने भरलेल्या जहाजांना आगी लागल्याचा इतिहास आहे, धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, यूएन १३६३. हातात अख्खा नारळ चालत नाही तो वेगळ्या कारणाने. पण नियम वाकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे त्यांच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ एक्स-रे आणि झडती करून हातात न्यायची तात्पुरती परवानगी दिली होती. आमच्या देवस्थानांचं काय, असं तेव्हा मला तीन जणांनी फोन करून विचारलं. मी निवृत्त झालोय हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

पॉवर बँक उलटी: ती हातातच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत नाही. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कोणीतरी विझवेल, पोटातल्या सामानात कोण जाणार? शंभर वॅट-तासांपर्यंत चालते, म्हणजे बाजारातल्या हिशेबाने साधारण सत्तावीस हजार एमएएच. ती खाली बॅगेत सापडली की तुम्हाला नाव पुकारून बोलावतात, बॅग तुमच्यासमोर उघडतात, आणि विमान उशिरा सुटतं. दिवसाला अशा कितीतरी.

पांढरी पट्टी बॅगेवर घासून यंत्रात घालतात ती स्फोटकाचे कण शोधायला. एका द्राक्ष बागायतदाराची बॅग तिने वाजवली होती. बॅग रात्रभर खताच्या पोत्यांवर ठेवलेली. त्यांनी शांतपणे सगळी बॅग रिकामी केली आणि वर आम्हालाच विचारलं, 'साहेब, यंत्राला युरिया आणि नायट्रेट वेगळं कळतं का?' इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही वरिष्ठाने विचारला नव्हता.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघं बंगळूरला मुलीकडे निघालो तेव्हा आमचीच बॅग बाजूला गेली. डिंकाचे लाडू, स्टीलचा डबा, वर माझ्या श्रवणयंत्राचा चार्जर. पडद्यावर काय दिसलं असेल ते मला उभ्या उभ्या दिसलं. समोरची मुलगी पंचवीसची असेल, म्हणाली, 'काका, डबा उघडा.' मागे रांग चुळबुळत होती. बायकोने कोपराने ढोसलं, सांगा ना तुम्ही कोण होतात ते. मी डबा उघडला. तिने पट्टी घासली, यंत्राकडे पाहिलं, तरी पुन्हा एक लाडू उचलून खाली पाहिलं आणि मगच जाऊ दिलं. झाकण तिने नीट लावलं नाही पण. बंगळूरला पोचेपर्यंत माझ्या दोन शर्टांना तूप लागलं होतं.